दार कुणासाठी उघडतं?

मिलानमधल्या फ्लामिनियो कोस्टा नावाच्या वकिलाने विजेचं बिल भरायला नकार दिला. रक्कम दोन हजार लिरांच्या आसपास, म्हणजे कोर्टकचेरी करावी अशी मुळीच नाही. पण कोस्टा पैशांसाठी भांडत नव्हते. डिसेंबर 1962 मध्ये इटलीने कायदा करून वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं आणि सगळा कारभार ‘एनेल’ या सरकारी मंडळाकडे दिला होता. कोस्टा त्यातल्याच एका कंपनीचे भागधारक. त्यांचं म्हणणं असं, की सहा युरोपीय देशांची सामाईक बाजारपेठ उभी करणाऱ्या 1957 च्या रोम करारावर सही करताना इटलीने जे कबूल केलं त्याच्याशी हा कायदा जुळत नाही, सबब एनेलचं बिल आपल्यावर बंधनकारक नाही.

प्रकरण आलं किरकोळ रकमांचे तंटे मिटवणाऱ्या, अगदी तळाच्या न्यायाधीशापुढे. त्याने लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे विचारणा केली: कराराच्या या कलमांचा अर्थ काय? इटलीच्या सरकारला हे रुचलं नाही. असा प्रश्न विचारणंच सर्वस्वी अग्राह्य आहे, असं त्याने कळवलं. देशाच्या घटनात्मक न्यायालयाने तर मार्च 1964 मध्ये सांगून टाकलं होतं, की करार आधीचा, राष्ट्रीयीकरणाचा कायदा नंतरचा, तेव्हा नंतरचा चालणार. 15 जुलै 1964 ला लक्झेंबर्गहून उलट उत्तर आलं. सगळ्यांनी मिळून उभ्या केलेल्या कायद्याला एकाच देशाने मागाहून केलेला कायदा अडवू शकत नाही. तसं झालं तर हा सामाईक कायदा प्रत्येक देशात वेगळा होईल आणि करार करण्यालाच अर्थ उरणार नाही.

कायद्याचे विद्यार्थी हा निकाल ‘प्राधान्याचा सिद्धांत’ म्हणून शिकतात. युरोपचा कायदा मोठा की देशाचा, या नेहमीच्या वादातला तो पहिला मोठा दाखला. मला मात्र त्यात दुसरीच गोष्ट मोठी वाटते. एका नागरिकाने स्वतःच्या सरकारला, स्वतःच्या गावच्या कोर्टात, सरकारने परदेशांना दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली आणि कोर्टाने ती ऐकून घेतली. अधिराष्ट्रीय, म्हणजे राष्ट्रांच्या वर चालणाऱ्या कायद्याचा जीव यात आहे, असं माझं मत आहे. त्याची बाजू घ्यायची की त्याला विरोध करायचा, हेही मी यावरूनच ठरवतो.

आपल्या माहितीतल्या एका खटल्याशी ताडून पाहिलं की फरक लगेच कळतो. महाराष्ट्राचे कुलभूषण जाधव यांना एप्रिल 2017 मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. अटकेनंतर भारतीय वकिलातीला त्यांना भेटू दिलं नव्हतं. 1963 च्या व्हिएन्ना कराराचा हा उघड भंग होता. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, हरीश साळवे यांनी बाजू मांडली, आणि 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 मताने पाकिस्तानने करार मोडल्याचा निर्वाळा मिळाला. आपल्याला आनंद झाला, तो रास्तच होता. पण त्या खटल्यात जाधव कुठे होते? ते स्वतः हेगला दाद मागू शकत नव्हते, त्यांचे आईवडीलही नाही. भारत सरकारने जायचं ठरवलं म्हणून खटला उभा राहिला. निकाल लागल्यावरही तो आपोआप पाकिस्तानी कोर्टात लागू झाला नाही. फेरविचाराची वाट मोकळी करायला पाकिस्तानला आधी अध्यादेश आणि मग 2021 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आंतरराष्ट्रीय कायद्यात राष्ट्र राष्ट्राशी बोलतं. माणूस तिथे विषय असतो, पक्षकार नसतो.

आपली राज्यघटनाही याच रीतीची आहे. सरकार करार करतं, आणि संसद कलम 253 खाली कायदा करत नाही तोवर तो करार आपल्या कोर्टात नागरिकाच्या फारसा उपयोगी पडत नाही. 1997 च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल नियम घालून दिले, ते देशात त्याबद्दल कायदाच नव्हता म्हणून. देशाचा कायदा विरुद्ध असता, तर न्यायालयाला तसं करता आलं नसतं.

युरोपने ही रीत मोडली ती एका रसायनाच्या जकातीवरून. फान खेंड एन लोस ही नेदरलँड्सची वाहतूक कंपनी. तिने सप्टेंबर 1960 मध्ये पश्चिम जर्मनीहून युरिया-फॉर्मल्डिहाइड आणलं. रोम करारात सहा देशांनी एकमेकांवर जकात वाढवायची नाही असं ठरवलं होतं, पण मालाचं नवं वर्गीकरण होऊन तीन टक्क्यांची जकात आठ टक्के झाली होती. कंपनी म्हणाली, करार मोडलाय, पैसे परत द्या. नेदरलँड्स, बेल्जियम आणि पश्चिम जर्मनी, म्हणजे सहापैकी तीन सरकारं, एका सुरात म्हणाली की करार आमच्यात झालाय, एका कंपनीला त्याच्यावर बोट ठेवण्याचा अधिकारच काय? आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जुन्या रीतीने पाहिलं तर सरकारांचं म्हणणं बरोबर होतं. 5 फेब्रुवारी 1963 च्या निकालात न्यायालयाने ती रीतच बाजूला ठेवली. ही नव्या प्रकारची कायदेव्यवस्था आहे, राष्ट्रांनी काही मर्यादित क्षेत्रांत आपले सार्वभौम अधिकार आवरते घेतले आहेत, आणि या व्यवस्थेत राष्ट्रांइतकेच त्यांचे नागरिकही सहभागी आहेत, असं न्यायालयाने म्हटलं. कलम स्पष्ट आणि बिनशर्त असेल तर नागरिक थेट त्याचा आधार घेऊ शकतो.

या दोन निकालांत मिळून सगळा पाया आला. नागरिकाला थेट हक्क मिळतात, आणि देशाचा कायदा आड आला तर तो बाजूला ठेवायचा. 1978 मध्ये गोमांसाच्या आयातीवरच्या एका इटालियन खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं: विसंगत कायदा बाजूला ठेवायला खालच्या न्यायाधीशाने घटनात्मक न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहायची नाही. 1991 मध्ये बुडालेल्या कंपन्यांचे पगार थकलेले इटालियन कामगार पुढे आले. अशा कामगारांसाठी हमी निधी उभारा, असा युरोपचा निर्देश होता आणि इटलीने मुदत उलटली तरी तो अमलात आणला नव्हता. न्यायालय म्हणालं, राज्याने आपलं कर्तव्य केलं नाही म्हणून नागरिकाचं नुकसान झालं असेल, तर राज्याने भरपाई द्यावी.

या रचनेतला सगळ्यात देखणा भाग म्हणजे तो विचारणेचा रस्ता. लक्झेंबर्गचं न्यायालय देशातल्या कोर्टाचा निकाल फिरवत नाही, ते अपिलाचं कोर्ट नव्हे. स्थानिक न्यायाधीश प्रश्न पाठवतो, तिथून कायद्याचा अर्थ कळतो, आणि निवाडा पुन्हा तोच न्यायाधीश, आपल्याच भाषेत, आपल्याच देशाच्या शिक्क्याने देतो. युरोपीय संघाकडे पोलीस नाहीत, तुरुंग नाहीत, जप्ती करणारे बेलिफ नाहीत. केंद्राचा कायदा राज्याच्या कायद्यावर मात करतो तेव्हा त्याच्यामागे आपल्याकडे अख्खं संघराज्य उभं असतं. युरोपच्या कायद्यामागे उभा असतो तो फ्रँकफुर्ट, ब्रुसेल्स नाहीतर पोलंडमधल्या ओल्श्टिनचा एखादा न्यायाधीश. त्याचं प्राधान्य उसन्या बळावर चालतं, हे विसरून चालणार नाही.

आणि या बळाचा उपयोग खरोखर कुणाला झाला? बेल्जियमच्या साबेना विमान कंपनीतल्या हवाई सुंदरी गॅब्रिएल डेफ्रेन यांना. त्याच कामासाठी पुरुष सहकाऱ्यांना जास्त पगार मिळत होता. समान कामाला समान वेतन हे तत्त्व रोम करारात 1957 पासून लिहिलेलं होतं, आणि सदस्य देश मुदती वाढवत राहिले होते. 8 एप्रिल 1976 रोजी न्यायालयाने सांगितलं, की हे कलम आजच, थेट, कोर्टात चालतं. पण त्याच निकालात एक उणी बाजूही आहे, ती लपवू नये. ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी मागच्या थकबाकीचा बोजा किती होईल याचं चित्र उभं केलं, आणि न्यायालयाने मागची बाकी फक्त आधीच खटला भरलेल्यांना मिळेल असं ठरवलं. वर्षानुवर्षं कमी पगारावर राबलेल्या इतर बायकांचा मागचा हक्क तिथेच संपला. ज्यांनी तत्त्व मान्य केलं त्यांनीच त्याची किंमत मोजायला नकार दिला, आणि न्यायालय त्यांच्यापुढे वाकलं. मला हा निकाल वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

या कायद्याची एक वाट आपल्या गोव्यातूनही जाते. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा नागरिक म्हणून नोंद करू देतो, आणि त्यांच्यामार्फत मुलानातवंडांनाही. हजारो गोवेकरांनी भारतीय पासपोर्ट सोडून हा मार्ग धरला, आणि त्यातले पुष्कळजण लिस्बनला न राहता थेट इंग्लंडला गेले. स्विंडनमध्ये आज मोठी गोवेकर वस्ती आहे. हे शक्य कसं झालं? पोर्तुगीज नागरिक म्हणजे युरोपीय संघाचा नागरिक, आणि त्याला कुठल्याही सदस्य देशात राहायचा, काम करायचा हक्क. ‘पण तुम्ही पोर्तुगालमध्ये कधी राहिलात?’ असं विचारून ब्रिटनला त्यांना अडवता येत नव्हतं. कारण 7 जुलै 1992 रोजी लक्झेंबर्गने मिकेलेत्ती खटल्यात निकाल दिला होता. इटली आणि अर्जेंटिना या दोन्ही देशांचं नागरिकत्व असलेल्या एका दंतवैद्याला स्पेन वास्तव्याचा परवाना नाकारत होता. एका सदस्य देशाने दिलेलं नागरिकत्व दुसऱ्याने जास्तीच्या अटी घालून नाकारायचं नाही, असं न्यायालयाने ठरवलं. त्याच दिवशी आणखी एक निकाल लागला, तो सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाच्या खटल्यात. ब्रिटिश पत्नीबरोबर जर्मनीत नोकरी करून ब्रिटनला परतलेल्या पतीला ब्रिटनने आपल्या कडक नियमांऐवजी युरोपच्या उदार नियमांनी वागवावं, असं तो सांगतो.

ब्रिटिश मतदारांपैकी अनेकांना याचाच राग होता. आपल्या देशात कोण राहणार हे आपली संसद ठरवू शकत नसेल तर ती कसली संसद? हा प्रश्न मी वंशद्वेष म्हणून उडवून लावणार नाही. 1990 मध्ये स्पॅनिश मालकीच्या मासेमारी बोटींच्या खटल्यात ब्रिटिश न्यायाधीशांनी स्वतःच्या संसदेचा कायदा थोपवून धरला, तेव्हा अनेकांना धक्का बसला तो खोटा नव्हता. पण तो अधिकार त्यांना 1972 च्या कायद्याने संसदेनेच दिला होता. आणि संसदेनेच तो परत घेतला. 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन बाहेर पडला, त्याला कुणी सैन्य पाठवून अडवलं नाही. बाहेर पडायचा रस्ता ज्यात लिहिलेला आहे त्या करारात सार्वभौमत्व हरवलं असं कसं म्हणायचं? ते वापरात होतं, एका विशिष्ट रीतीने. स्विंडनमध्ये आधीच राहणाऱ्यांना वास्तव्याचा हक्क अर्ज करून राखता आला. 2020 संपल्यानंतर नव्याने जाऊ पाहणाऱ्याला मात्र तोच पोर्तुगीज पासपोर्ट पूर्वीसारखा उपयोगी पडत नाही.

तरीही या व्यवस्थेवर लोकशाहीचं एक जुनं ऋण आहे, आणि तिचे समर्थक त्याबद्दल फार कमी बोलतात. प्राधान्याचं तत्त्व कुठल्याही अमलात असलेल्या कराराच्या मजकुरात नाही. ते न्यायाधीशांनी काढलं. 2004 च्या युरोपीय राज्यघटनेच्या करारात ते पहिल्यांदा कलम म्हणून लिहिलं गेलं, आणि 2005 मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी तो करार नाकारला. पुढे लिस्बन करार झाला, तेव्हा हे तत्त्व मुख्य मजकुरातून काढून 17 क्रमांकाच्या निवेदनात ठेवलं. लोकांनी नाकारलेल्या मसुद्यातली गोष्ट जोडपत्रात सरकवणं मला पटत नाही. ज्या तत्त्वावर इतकं उभं आहे ते लोकांपुढे मांडून, समजावून, त्यांच्या मताने कलमात यायला हवं. त्यासाठी उशीर झाला तरी चालेल.

मग राष्ट्रीय न्यायालयांनी लक्झेंबर्गला नकार द्यावा का? काही वेळा द्यावाच, आणि तो दिल्यामुळे युरोपचा कायदा सुधारला आहे. मक्याच्या पिठाच्या निर्यात परवान्यासाठी भरलेली अनामत जप्त झाली म्हणून एक जर्मन कंपनी फ्रँकफुर्टच्या कोर्टात गेली होती. 1970 मध्ये लक्झेंबर्गने सांगितलं, की युरोपचा कायदा देशाच्या राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांशी ताडून रद्द करता येणार नाही. जर्मनीच्या घटनेतले मूलभूत हक्क नाझी राजवटीच्या राखेतून आलेले आहेत. 29 मे 1974 रोजी कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयाने उत्तर दिलं, आणि त्या निकालाला त्याच्या पहिल्या शब्दावरून नाव पडलं: ‘जोपर्यंत’. जोपर्यंत युरोपीय व्यवस्थेत लोकांनी निवडलेली संसद आणि मूलभूत हक्कांची लेखी यादी नाही, तोपर्यंत आम्ही आमच्या घटनेच्या कसोटीवर तुमचा कायदा घासून पाहू. पुढच्या काळात लक्झेंबर्गने निकालांमागून निकाल देत हक्कांचं संरक्षण उभं केलं, 1979 मध्ये युरोपीय संसदेच्या थेट निवडणुका सुरू झाल्या, आणि 1986 मध्ये कार्ल्सरूहने वाक्य उलटं फिरवलं: जोपर्यंत तुम्ही असं संरक्षण देता आहात, तोपर्यंत आम्ही आमची कसोटी बाजूला ठेवतो. हक्कांची लेखी सनद 2000 मध्ये जाहीर झाली आणि 2009 मध्ये बंधनकारक ठरली. नकारातून झालेली ही वाढ आहे. मला या ‘जोपर्यंत’मध्ये दोन न्यायालयांचा अहंकार दिसत नाही, एका पिढीची सावध जबाबदारी दिसते.

पण त्याच कार्ल्सरूहने 5 मे 2020 रोजी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीवरचा लक्झेंबर्गचा निकाल अधिकाराबाहेरचा ठरवला, तेव्हा ते चुकलं, असं मला वाटतं. तिथे कुणा नागरिकाचा मूलभूत हक्क चिरडला जात नव्हता, वाद बँकेने परिणामांचा तोल कसा सांभाळावा याचा होता. आणि तो नकार वॉर्सामध्ये लगेच उचलला गेला.

पोलंडची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. तिथल्या न्यायाधीश नेमणाऱ्या परिषदेतले न्यायाधीश सदस्य पूर्वी न्यायाधीश निवडत, 2018 पासून संसद निवडू लागली. नोव्हेंबर 2019 मध्ये लक्झेंबर्गने सांगितलं, की अशा परिषदेच्या स्वातंत्र्याची तपासणी राष्ट्रीय कोर्टांनी करावी. ओल्श्टिनचे न्यायाधीश पावेल युश्चिशिन यांनी ते शब्दशः मनावर घेतलं. परिषदेच्या उमेदवारांना कुणी पाठिंबा दिला त्याच्या याद्या दाखवा, असा आदेश त्यांनी संसदेच्या कार्यालयाला दिला. फेब्रुवारी 2020 मध्ये नव्याने काढलेल्या शिस्तपालन कक्षाने त्यांना निलंबित केलं आणि पगार 40 टक्क्यांनी कापला. सरकारच्या मर्जीने भरलेल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने 7 ऑक्टोबर 2021 रोजी, पंतप्रधानांच्याच अर्जावर, युरोपीय कराराची काही मूळ कलमं पोलंडच्या घटनेशी विसंगत ठरवली. शब्द तेच होते: सार्वभौमत्व, राज्यघटना, राष्ट्राची ओळख. 1974 चा जर्मन नकार नागरिकाचा हक्क वाचवत होता. 2021 चा पोलिश नकार सरकारला नागरिकाच्या न्यायाधीशापासून वाचवत होता. दोन्हींना एकाच मापाने ‘राष्ट्रीय न्यायालयाचा विरोध’ म्हणणाऱ्या अभ्यासकांशी माझं तीव्र मतभेदाचं नातं आहे.

शिस्तपालन कक्ष बंद केला नाही म्हणून लक्झेंबर्गने ऑक्टोबर 2021 मध्ये पोलंडला रोजचा 10 लाख युरो दंड लावला. पोलंडने तो भरला नाही, तेव्हा तो युरोपीय निधीतून वळता केला गेला. पण दंडाने न्यायाधीशाचं धैर्य विकत घेता येत नाही, ते आधीच असावं लागतं. युश्चिशिन मे 2022 मध्ये कामावर परतले.

हे सगळं मराठीत का लिहायचं, याचं कारण गुहागर तालुक्यात आहे. राष्ट्रापलीकडचा कायदा आपल्यालाही लागू होतो, पण त्याचं दार वेगळ्याच माणसाला उघडतं. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाविरुद्ध 1997 मध्ये वेलदूर आणि आजूबाजूच्या गावांतल्या माणसांनी, बायकांनी आंदोलन केलं आणि पोलिसांचा मार खाल्ला. प्रकल्पाविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयात टिकल्या नाहीत, आणि त्यांच्यापुरता रस्ता देशाच्या कोर्टांतच संपत होता. 2001 मध्ये दरावरून आणि थकबाकीवरून वीजखरेदी थांबली. तेव्हा प्रकल्पातल्या जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या कंपन्यांनी आपल्या मॉरिशसमधल्या उपकंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराखाली थेट भारत सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे दाद मागितली. सरकारला शब्दाला धरून ठेवण्याचा तोच हक्क, जो कोस्टांना मिलानमध्ये मिळाला होता. 2005 मध्ये तडजोड झाली. मॉरिशसमध्ये नोंदवलेल्या कंपनीला भारताने करारात दिलेला शब्द पाळून घेता आला. वेलदूरच्या बाईला त्या करारात एकही कलम नव्हतं.